पहिल्या दिवशी सहा गिऱ्हाइकं: ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’चं परीक्षण

१ ऑक्टोबर २०१३ ला अमेरिकेच्या केंद्र सरकारने आरोग्यविम्याचं ऑनलाइन दुकान उघडलं. पहिल्या दिवशी ४७ लाख लोक दारात येऊन गेले. विमा पदरात पाडून बाहेर पडले ते सहा जण. दुसऱ्या दिवसाअखेर हा आकडा २४८ वर गेला. सरकार तेव्हा ‘आकडे नोव्हेंबरात देऊ’ म्हणत होतं. ‘सहा’ बाहेर आला, कारण रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यातल्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने आतल्या बैठकांची टिपणं उघड केली. या साइटबद्दलचा जवळजवळ प्रत्येक आकडा असा कुठल्या तरी पक्षाच्या हातून बाजारात आलेला आहे, हे वाचताना ध्यानात असू द्यावं.

गुण आधीच सांगून टाकू. ऑक्टोबर २०१३ च्या अवताराला पाचपैकी अर्धा तारा, तोही मुखपृष्ठापुरता. आजच्या अवताराला साडेतीन. मधले तीन कसे मिळाले आणि उरलेला दीड का मिळत नाही, ते खाली.

दुकान कशाचं, ते थोडक्यात. २३ मार्च २०१० ला ओबामांनी सही केलेला कायदा, लोकांच्या तोंडी ‘ओबामाकेअर’. ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही त्यांच्यासाठी राज्याराज्यात विमाबाजार उभारायचे होते. जुनं दुखणं आहे म्हणून कंपनीने नाही म्हणायचं नाही, उत्पन्न कमी असेल त्याला हप्त्यात सरकारी अनुदान, आणि विमा न घेणाऱ्याला दंड (केंद्राचा हा दंड २०१९ पासून शून्यावर आला). प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी तो मंजूर झाला तेव्हा बाजूच्या २१९ मध्ये एकही रिपब्लिकन नव्हता. विमा विकणाऱ्या खाजगी कंपन्याच. सरकारने फक्त मधल्या दलालाचं काम अंगावर घेतलं. ऐकायला विमानाची तिकिटं विकणाऱ्या साइटसारखं वाटतं, पण तिकीट देताना कोणी तुमचं आयकर विवरण, सोशल सिक्युरिटी नंबर, इमिग्रेशनचा दर्जा आणि घरात कोण कोणावर अवलंबून आहे हे वेगवेगळ्या खात्यांकडून तिथल्या तिथे पडताळून घेत नाही. इथे घ्यायचं होतं.

ऑक्टोबर २०१३: पायरी पायरीने

मुखपृष्ठ ठीक होतं. डेव्हलपमेंट सीड या छोट्या कंपनीने ते जेकिल वापरून, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या साध्या पानांनी बांधलं होतं. दर भेटीला डेटाबेसकडे धाव घ्यायची गरजच नाही, त्यामुळे लाखो लोक आले तरी पाटी जागेवर राहिली. अर्धा तारा तिचा.

‘अर्ज करा’ दाबलं की खरं दुकान सुरू व्हायचं, आणि तिथेच ते बंद पडायचं. आधी खातं उघडणं सक्तीचं. नाव, युजरनेम, पासवर्ड, मग तीन सुरक्षाप्रश्न. या प्रश्नांच्या ड्रॉपडाउन याद्या कित्येकांना रिकाम्याच दिसत होत्या. प्रश्नच नाही, तर उत्तर काय भरणार? हे खात्यांचं काम ईआयडीएम नावाची ओळख-प्रणाली बघत होती आणि सगळ्यात आधी मान टाकली ती तिनेच. ज्यांचं खातं उघडलं त्यांना पुन्हा आत येताना पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश. पानंही जडशीळ. तेव्हा एका वृत्तसंस्थेने तज्ज्ञांकडून तपासून घेतलं, तर ‘अर्ज करा’च्या एका क्लिकमागे ९२ फाइलींची ये-जा होत होती, त्यातल्या ५६ जावास्क्रिप्टच्या.

पुढची पायरी ओळख पटवण्याची. एक्सपीरियन या पतमापन कंपनीच्या नोंदींवरून प्रश्न यायचे: जुना पत्ता कोणता, गाडीचं कर्ज कोणत्या बँकेचं. ज्याच्या नावावर कधी कर्ज नाही, क्रेडिट कार्ड नाही, तो इथे अडकायचा. नवा स्थलांतरित तर हमखास. मग अर्ज, ७६ पडद्यांपर्यंत लांबणारा. मध्येच लॉगिन तुटलं की भरलेलं जाणार.

उत्पन्न आणि दर्जा पडताळणारा ‘डेटा हब’ त्या मानाने शहाण्यासारखा वागला. आयकर खातं, सोशल सिक्युरिटी आणि गृहसुरक्षा विभाग यांच्याशी बोलणारा हा जोडकाम-भाग सगळ्यात अवघड असेल अशी भीती होती. प्रत्यक्षात अवघड भाग निभावला आणि साधं लॉगिन बुडालं. जिथे सगळ्यांची नजर होती तिथे चाचण्या झाल्या. लॉगिनला कोणी मोजलंच नाही.

सगळ्यात दगाबाज पायरी गिऱ्हाइकाला दिसतच नव्हती. निवड झाली की साइटने विमा कंपनीला ‘८३४’ नावाची ठरावीक साच्याची फाइल पाठवायची: कोण, कुठली योजना, कधीपासून, कुटुंबात कोण. या फाइली दोनदा जात, अर्धवट जात, काही जातच नसत. कुठे नवराबायकोच्या नात्याच्या जागी मूल लिहिलेलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या साधारण चौथा हिस्सा फाइलींत दोष होता, हे सरकारने नंतर कबूल केलं. पडद्यावर ‘अभिनंदन’ आणि कंपनीच्या दप्तरी नावच नाही. दुकान बंद पडलं तर निदान कळतं तरी. पावती देऊन माल न देणारं दुकान त्याहून वाईट. आणि कंपन्यांना अनुदानाचे पैसे चुकते करणारी मागची यंत्रणा? ती तर बांधलेलीच नव्हती. नोव्हेंबर २०१३ मध्ये प्रकल्पाचे तांत्रिक अधिकारी हेन्री चाओ यांनी संसदेत सांगितलं की एकूण प्रणालीचा ३० ते ४० टक्के भाग अजून व्हायचा आहे.

आता कळीचा मुद्दा. कुठल्याही दुकानात गिऱ्हाईक आधी माल बघतं, मग नाव-पत्ता देतं. इथे खातं उघडल्याशिवाय किमती दिसायच्याच नाहीत. खातं न उघडता योजना चाळण्याची सोय आराखड्यात होती. ती सप्टेंबरात बंद ठेवण्यात आली. रिपब्लिकनांचा आरोप असा की अनुदानाआधीचे मूळ हप्ते दिसले तर बोंब होईल म्हणून सरकारने ती दडवली. चाओ यांची साक्ष अशी की तो भाग चाचणीत नापास झाला होता. कारण कुठलंही धरा, परिणाम एकच झाला: नुसत्या चौकशीला आलेले लाखो लोकही सगळ्यात कमकुवत दारातूनच रेटले गेले. या एका निर्णयाने जेवढं नुकसान केलं तेवढं इतर कुठल्याही बिघाडाने नाही.

पहिल्या आठवड्यात सरकारचा बचाव होता गर्दीचा. एका वेळी ५०-६० हजार अपेक्षित होते, अडीच लाख आले. आकडे खरे, बचाव लटका. उघडण्याच्या काही दिवस आधीच्या चाचणीत काही शे बनावट वापरकर्ते सोडल्यावरही प्रणाली कोसळली होती.

दोष सॉफ्टवेअरचे, मुळं राजकारणाची

या साइटवर लिहिणारे बहुतेक जण दोनपैकी एका रांगेत उभे राहतात. एक रांग म्हणते, विरोधकांनी पाय ओढले. दुसरी म्हणते, सरकारला काही जमत नाही. बिघाडांची यादी हातात घेऊन एकेकाचा माग काढला तर दोन्ही रांगांतले लोक अर्धी गोष्ट सांगतात हे दिसतं.

उशिरापासून सुरुवात करू. कोण पात्र, कुठल्या योजनेत काय असलंच पाहिजे, अनुदान कसं मोजायचं याचे नियम ठरल्याशिवाय प्रोग्रामर अर्जाचा एक रकाना पक्का करू शकत नाही. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होती. विरोधकांच्या हाती कोलीत नको म्हणून व्हाइट हाउसने महत्त्वाचे नियम मतदानापर्यंत दाबून ठेवले, असं वृत्त वॉशिंग्टन पोस्टने पुढे छापलं. हा उशीर ओबामांच्या बाजूचा. त्यातच २८ जून २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने कायदा ५ विरुद्ध ४ ने तारला, पण गरिबांच्या मेडिकेड योजनेचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. म्हणजे एकाच उत्पन्नाच्या माणसाला एका राज्यात मेडिकेड, शेजारच्या राज्यात अनुदान, आणि तिसऱ्या परिस्थितीत काहीच नाही. अर्जातला प्रत्येक फाटा तिथे दुप्पट झाला.

भार वाढवला राज्यांनी. बहुतेक राज्यं आपापला बाजार स्वतः बांधतील आणि केंद्राची साइट उरल्यासुरल्यांसाठी असेल, असा मूळ अंदाज होता. रिपब्लिकन राज्यपालांनी एकामागून एक नकार दिला. निर्णय कळवायची मुदत १४ डिसेंबर २०१२ पर्यंत वाढवली गेली. शेवटी केंद्राच्या साइटवर ३६ राज्यं येऊन पडली, आणि हे पक्कं झालं तेव्हा हातात वर्षभराचाही वेळ नव्हता. त्याशिवाय मिझुरीने लोकांना अर्ज भरायला मदत करणाऱ्या ‘नॅव्हिगेटर’वर बंधनं घातली आणि फ्लोरिडाने त्यांना जिल्हा आरोग्य कार्यालयांच्या आवारात मनाई केली. हे सरळ सरळ पाय ओढणं.

पैशाचं कोडं आणखी गमतीचं. कायद्याने राज्यांना बाजार उभारायला अनुदानं दिली, पण केंद्राच्या बाजारासाठी वेगळी तरतूदच केली नाही. प्रतिनिधिगृह विरोधकांकडे गेल्यावर नवा पैसा मिळणं शक्य नव्हतं. मेडिकेड आणि वृद्धांची मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएस या खात्याने इकडून तिकडून पैसे जमवले आणि मोठा निर्णय चुकवला: सगळी कंत्राटं जुळवून घेणारा मुख्य कंत्राटदार न नेमता ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. सरकारी तपासनिसांनी नंतर मोजली ती ६० कंत्राटं. मुख्य बाजार सीजीआय फेडरलकडे, डेटा हब क्यूएसएसआयकडे, कागदी अर्ज सर्कोकडे, सर्व्हर टेरेमार्ककडे. गवंडी, सुतार, प्लंबर सगळे साइटवर हजर. मुकादम मात्र नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या (जीएओ) अहवालात आहे की अधिकार नसलेल्या कर्मचाऱ्यांनी साधारण ४० वेळा कंत्राटदारांना जादा काम सांगितलं आणि त्यावर तीन कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. सीजीआयचं काम ५.६ कोटी डॉलरांवरून २०.९ कोटींवर गेलं. खर्च भरून देण्याच्या पद्धतीचं कंत्राट असल्याने प्रत्येक बदलाचं बिल सरकारचं.

आणि तारीख. कायद्यात बाजार १ जानेवारी २०१४ पर्यंत चालू असण्याची अट होती. १ ऑक्टोबर ही तारीख खात्याने स्वतःच्या नियमाने घातली होती. मग पुढे का ढकलली नाही? तोवर मालकांवरची विम्याची सक्ती वर्षभर पुढे गेली होती, साइटची स्पॅनिश आवृत्तीही लांबली होती. पण सप्टेंबर २०१३ मध्ये रिपब्लिकनांची उघड मागणी होती की ओबामाकेअरचे पैसे रोखा, नाहीतर वर्षभर थांबवा. तरच सरकारचा खर्च मंजूर करू. रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ सिनेटमध्ये २१ तास बोलले ते याच कारणाने. अशा वेळी ‘साइट तयार नाही, महिनाभर थांबतो’ म्हणणं म्हणजे विरोधकांची मागणी स्वतःहून मान्य करणं. सगळ्या भागांची एकत्र चाचणी जेमतेम दोन आठवडे झाली, कित्येक महिने हव्या होत्या, असं कंत्राटदारांनीच २४ ऑक्टोबरच्या सुनावणीत सांगितलं. सुरक्षा-तपासणी अपुरी आहे हे नोंदवून सीएमएसच्या प्रमुख मॅरिलिन टॅव्हनर यांनी २७ सप्टेंबरला परवानगीवर सही केली. आणि दुकान उघडलं.

त्याच दिवशी सरकार बंद पडलं. मंजुरी न मिळाल्याने लाखो कर्मचारी घरी. साइट मात्र चालू, कारण तिचा पैसा वार्षिक मंजुरीवर अवलंबून नव्हता. जिच्यावरून बंद पुकारला तीच उघडी, यातला विनोद तेव्हा फारसा कोणाला सुचला नाही. पुढचे १६ दिवस कॅमेरे संसदेच्या पायऱ्यांवर होते. साइट किती कोसळली आहे हे देशाला पूर्ण कळलं ते बंद मिटल्यावर. विरोधकांनीच सरकारला दोन आठवड्यांचा आडोसा दिला, आणि सरकारने ते दोन आठवडे ‘गर्दी आहे’ म्हणत घालवले.

इशारे नव्हते असं नाही. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कटलर यांनी मे २०१० मध्येच लिहून कळवलं होतं की हे उभं करण्याची क्षमता असलेला माणूस कारभारात नाही. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने २०१३ च्या वसंतात धोके दाखवले. मार्च २०१३ मध्ये याच चाओ यांनी एका सभेत म्हटलं होतं की निदान हा तिसऱ्या जगातला अनुभव ठरू नये. आयआरसीटीसीवर सकाळी दहाच्या ठोक्याला तत्काळ तिकीट काढणाऱ्यांनी या वाक्यावर हसावं की चिडावं, ते ज्याचं त्याने ठरवावं. त्या गर्दीतही काही तिकिटं निघतात.

आता दोन्ही रांगांना अडचणीची उदाहरणं. ओरेगॉन हे डेमोक्रॅटिक राज्य. राज्यपाल कायद्याच्या बाजूचे, पैसा भरपूर, स्वतंत्र साइट, कंत्राटदार ओरॅकल. तिथे एकाही माणसाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऑनलाइन विमा घेता आला नाही. अर्ज कागदावर भरून घेतले आणि एप्रिल २०१४ मध्ये राज्य केंद्राच्या साइटवर आलं. मेरीलँडने आपली साइट टाकून कनेटिकटची तांत्रिक व्यवस्था उचलली. उलट केंटकी. अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकनांना मत देणारं राज्य, पण तिथले डेमोक्रॅट राज्यपाल स्टीव्ह बेशिअर यांची ‘कायनेक्ट’ पहिल्या दिवसापासून चालली. रचना साधी ठेवलेली, चाचण्या लवकर सुरू केलेल्या, आणि खातं न उघडता योजना बघता येत होत्या. त्यांच्या जागी आलेले रिपब्लिकन मॅट बेव्हिन यांनी ती चालती साइट मोडीत काढली; पुढे बेशिअर यांच्या मुलाने राज्यपाल झाल्यावर ती पुन्हा उभी केली. चालणारी साइट पक्षामुळे बंद पडते आणि न चालणारी पक्षामुळे वेळेआधी उघडते.

खर्चाच्या वादाबद्दल दोन ओळी पुरे. कोणी ८४ कोटी डॉलर म्हणतं, कोणी १७० कोटी. पहिला आकडा मार्च २०१४ पर्यंत बांधील झालेल्या रकमेचा, दुसरा सगळ्या कंत्राटांच्या एकूण अंदाजित मूल्याचा. दोन्ही सरकारी अहवालांतले, दोन्ही खरे. ज्याला जो सोयीचा तो तो उचलतो. ‘५० कोटी ओळींचा कोड’ हा तेव्हा फिरलेला आकडा मात्र विसरून जावा. कोणी मोजून सांगितलेला नाही आणि एवढा कोड कोणी तीन वर्षांत लिहीत नाही.

डागडुजी

दुरुस्तीचा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच शिकण्यासारखा. २२ ऑक्टोबरला ओबामांनी जेफ झाइंट्स या व्यवस्थापकाला बोलावलं. तीन दिवसांत क्यूएसएसआयला मुख्य कंत्राटदार केलं, म्हणजे दोन वर्षं नसलेला मुकादम आला. ३० नोव्हेंबर ही मुदत. गूगलमधून रजा घेऊन आलेले मायकी डिकरसन आणि आणखी काही अभियंते मेरीलँडमधल्या एका कार्यालयात बसले. रोज दोन बैठका, नियम तीन: बैठक अडचण सोडवायला आहे, दोष ढकलायला इतर जागा पुष्कळ आहेत, बोलायचं ते ज्याला माहिती आहे त्याने, मग हुद्दा काही असो, आणि चर्चा फक्त पुढच्या २४ ते ४८ तासांत जे बुडवेल त्याचीच.

पहिली धक्कादायक गोष्ट आढळली ती अशी की साइट चालू आहे की बंद, हे दाखवणारा एकही सामायिक पडदा नव्हता. बंद पडल्याचं अभियंत्यांना टीव्हीवरून कळायचं. आधी मोजमापाची साधनं बसवली. मग सारखी लागणारी माहिती दर वेळी डेटाबेसमधून न आणता जवळ साठवून ठेवायला सुरुवात केली. कुठल्याही गर्दीच्या साइटवर पहिल्या दिवशी असणारी ही गोष्ट इथे नव्हतीच. डेटाबेसला नवे सर्व्हर दिले, गर्दी वाढली की रांगेत उभं करणारं पान लावलं. खातं न उघडता योजना बघायची सोय दिली. वाटेत ठेचाही लागल्या. २७ ऑक्टोबरला टेरेमार्कच्या केंद्रातलं नेटवर्कच गेलं, आणि ३० ऑक्टोबरला आरोग्यमंत्री कॅथलीन सिबेलियस संसदेत ‘मला जबाबदार धरा’ म्हणत असताना साइट बंदच होती.

१ डिसेंबरचा हिशेब असा: ४०० हून जास्त दोष दुरुस्त, पान उघडायला ८ सेकंदांऐवजी एकापेक्षा कमी, चुकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून एका टक्क्याखाली, चालू राहण्याचा वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या ४३ टक्क्यांवरून ९५ च्या वर. ऑक्टोबरभरात केंद्राच्या साइटवर २६,७९४ जणांनी विमा घेतला होता. १९ एप्रिल २०१४ पर्यंत केंद्र आणि राज्यं मिळून ८० लाख झाले. सीजीआयच्या जागी जानेवारीत अ‍ॅक्सेंचर आली, सिबेलियस यांनी एप्रिलमध्ये राजीनामा दिला. मग एका छोट्या गटाने लॉगिन नव्याने लिहिलं आणि साध्या कुटुंबांसाठी ७६ पडद्यांचा अर्ज १६ वर आणला. ऑगस्ट २०१४ मध्ये निघालेली यूएस डिजिटल सर्व्हिस ही या डागडुजीचीच संतती.

आजचं दुकान, आणि आपल्या लोकांसाठी

साइट आता वेगवान आहे, कोसळत नाही. पण ती किती दिवस उघडी आणि मदतीला किती माणसं, हे अजून निवडणूक ठरवते. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने नोंदणीचा काळ ४५ दिवसांवर आणला, जाहिरातीचा खर्च १० कोटी डॉलरांवरून एक कोटीवर, आणि देखभालीसाठी बहुतेक रविवारी मध्यरात्र ते दुपार साइट बंद. करोनाकाळात वाढवलेलं अनुदान २०२५ अखेरपर्यंतच होतं. ते पुढे चालवावं की नाही यावरून बरोबर १२ वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२५ ला, सरकार पुन्हा बंद पडलं, या वेळी ४३ दिवस आणि डेमोक्रॅटांच्या अडवणुकीने. मुदत वाढली नाही. परत आली ती गरिबीरेषेच्या ४०० टक्क्यांची जुनी रेघ. २०२६ च्या विम्यासाठी एकट्याला वर्षाला ६२,६०० डॉलर, दोघांना ८४,६००, चौघांना १,२८,६००. याच्या एक डॉलर वर गेलात की अनुदान शून्य.

वापरायची रीत:

आधी राज्य बघा. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, व्हर्जिनिया, जॉर्जिया यांच्या स्वतःच्या साइट आहेत. टेक्सस, मिशिगन, ओहायो, नॉर्थ कॅरोलायना, अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा केंद्रावर. पत्ता ‘डॉट गव्ह’नेच संपतो याची खात्री करा, मिळत्याजुळत्या नावाच्या साइटवर फोन नंबर टाकलात की दिवसभर एजंटांचे फोन येतील.

खातं उघडायच्या आधी योजना चाळा. झिपकोड, वयं, वर्षाचं अंदाजे उत्पन्न टाकलं की अनुदान वजा करून हप्ते दिसतात, डॉक्टर आणि औषधं शोधता येतात. नुसत्या हप्त्यावर क्रम लावू नका, ‘वर्षाचा एकूण खर्च’ लावा. उत्पन्न गरिबीरेषेच्या अडीचपटीच्या आत असेल तर ‘सिल्व्हर’ दर्जाचीच योजना घ्या. डिडक्टिबल (विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) कमी करणारी जादा सवलत फक्त सिल्व्हरमध्ये मिळते आणि ब्राँझचा स्वस्त हप्ता बघून लोक ती घालवतात.

नोकरी गेली तर जुना विमा संपण्याच्या ६० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत खास खिडकी उघडी असते. एच-१बी वाल्यांनी कोब्राचा, म्हणजे नोकरीतला जुनाच विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याचा, आकडा आणि इथला आकडा शेजारी ठेवून बघावा. २०२५ च्या कायद्याने २०२७ पासून एच-१बी, एच-४ धारकांचं अनुदान बंद होणार आहे. पूर्ण पैसे भरून घेता येईल.

ग्रीन कार्डावर आलेल्या आई-वडिलांचा प्रश्न सगळ्यात गुंतागुंतीचा. पहिली पाच वर्षं बहुतेक राज्यांत मेडिकेड नाही, मेडिकेअरही नाही, म्हणून हेच दुकान. पूर्वी त्यांचं उत्पन्न गरिबीरेषेखाली असलं तरी अनुदान मिळायचं. २०२६ पासून ते बंद झालं. म्हणजे दोघांचं मिळून २१,१५० डॉलरच्या वर दाखवता आलं पाहिजे. भारतातली पेन्शन, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं हे सगळं उत्पन्नात धरायचं, कारण ग्रीन कार्डधारकाला जगभरच्या उत्पन्नावर इथे कर विवरण द्यावं लागतं. मुलाने विवरणात त्यांना ‘अवलंबून’ दाखवलं की मुलाचंच उत्पन्न मोजलं जातं आणि अनुदान बहुतेक जातं. दोन्ही हिशेब करून मगच ठरवा. फिरायला आलेल्यांसाठी हे दुकान नाही; इथे राहणं ही अट आहे.

ओळख पटवण्याची पायरी नव्या माणसाला अजून दगा देते. अर्धा तारा इथे गेला. क्रेडिट इतिहास नसेल तर प्रश्नांशी झटू नका, कागदपत्रं अपलोड करा. नाव ग्रीन कार्डावर जसं छापलंय तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, त्याच क्रमाने भरा. एका अक्षराने जुळलं नाही की गृहसुरक्षा विभागाचं उत्तर येत नाही आणि ‘माहिती जुळत नाही’ची नोटीस येते. कागद द्यायला साधारण ९० दिवस मिळतात. ही पत्रं इतकी क्लिष्ट लिहिलेली असतात की लोक जाहिरात समजून टाकून देतात आणि विमा जातो. दुसरा अर्धा तारा त्या पत्रांचा. तिसरा, सत्ता बदलली की बदलणाऱ्या वेळापत्रकाचा: २०२७ च्या विम्यापासून केंद्राच्या साइटवरची नोंदणी १५ डिसेंबरलाच संपणार आहे.

निवड झाली म्हणजे विमा झाला नाही. पहिला हप्ता कंपनीकडे भरेपर्यंत काहीच लागू नाही. वर्षात उत्पन्न वाढलं तर लगेच साइटवर बदला. अनुदान जास्त घेतलं गेलं तर परतफेडीला पूर्वी कमाल मर्यादा असायची. २०२६ च्या वर्षापासून ती नाही, सगळं परत करावं लागतं.

शेवटचं, एजंटांचं. २०२४ मध्ये काही एजंटांनी दलालीसाठी लोकांच्या परवानगीशिवाय त्यांच्या योजना बदलल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की जुलैमध्ये सीएमएसला नियम करावा लागला: तुमच्या खात्याशी आधीपासून जोडलेला नसलेला एजंट बदल करणार असेल तर तुम्ही, एजंट आणि साइटचं कॉल सेंटर अशा तिघांचा एकत्र फोन झाला पाहिजे. महिन्यातून एकदा आत जाऊन योजनेशी कोणाचं नाव जोडलंय ते बघा. आणि तुम्ही विमा घेतलेलाच नसताना फेब्रुवारीत १०९५-ए हा वर्षभरच्या विम्याचा आणि अनुदानाचा हिशेब सांगणारा फॉर्म टपालाने आला, तर समजा कोणीतरी तुमच्या नावाने घेतलाय. फोन करून तो पहिल्या दिवसापासून रद्द करून घ्या आणि दुरुस्त फॉर्म मागा. नाहीतर त्या अनुदानाचं बिल तुमच्या कर विवरणात येईल.